साखर मोजली, जगणे कोण मोजणार?

गोव्याचा कशात ना कशात देशात पहिला क्रमांक लागल्याची बातमी अधूनमधून येते. मग सत्कार होतात, जाहिराती झळकतात, मंत्रिमहोदयांची हसरी छायाचित्रे छापून येतात. जून २०२३ मध्ये असाच एक पहिला क्रमांक जाहीर झाला, पण त्याचा कुणी गाजावाजा केला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष तेव्हा 'लॅन्सेट' समूहाच्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजार लोकांची ही पाहणी होती. तिच्यानुसार वीस वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, उत्तर प्रदेशात ४.८ टक्के आणि आपल्या गोव्यात २६.४ टक्के आढळले. देशात सर्वाधिक!

म्हणजे चार प्रौढ गोमंतकीयांमागे एकाहून किंचित जास्त. ज्या वाड्यावर चारशे प्रौढ माणसे राहतात, तिथे सरासरीने शंभरावर मधुमेही निघतील. 'साखरेचे खाणार त्याला देव देणार' अशी आपल्याकडे म्हण आहे. देवाने काय दिले ते या आकड्यात दिसते.

आकडा मोठा आहे, म्हणून त्यावर परिसंवाद झाले, लेख आले, १४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनी फेऱ्या निघाल्या. ते सर्व चांगलेच. परंतु या आकड्यातली निम्मी माणसे स्त्रिया आहेत आणि त्यांचे दिवस कसे जातात, याची चर्चा आम्हाला फारशी ऐकू येत नाही. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत वावरताना आम्हाला हे प्रकर्षाने जाणवते. रक्तातील साखर मोजणारे यंत्र आज कुठेही मिळते. मात्र त्या साखरेसह जगणाऱ्या बाईची झोप, तिचा थकवा, तिची भीती, तिचे पाय, तिची नजर आणि तिच्या हातातला पैसा मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांवर न सोडता राजकीय विषय म्हणून मांडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी जेवणारी बाई

जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्याची व्याख्या करताना केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य असे मानले नाही. शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्हींचे स्वास्थ्य तिने त्यात धरले. ती घटना १९४८ साली अमलात आली. पाऊणशे वर्षे उलटून गेली, तरी आपल्याकडे 'साखर किती?' या एका प्रश्नावर मधुमेही बाईची चौकशी संपते.

तिचा दिवस पाहा. पहाटे उठून घरातल्या सर्वांचे चहापाणी, मुलांचे डबे, गुरे असतील तर गुरे, मग स्वयंपाक. गोळी जेवणाआधी घ्यायची असते आणि जेवण तर सर्वांचे झाल्यावर! अकरा वाजता गोळी घेतलेली बाई दीड वाजता ताटावर बसते. मधल्या वेळात घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरची माणसे म्हणतात, 'जरा पडून राहा, ऊन लागले असेल.' ते ऊन नसते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याची ती खूण असते आणि त्या क्षणी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून देणे हाच पहिला उपाय असतो. इन्सुलिन आणि काही प्रकारच्या गोळ्यांनी असे होऊ शकते. ही एवढी साधी गोष्ट किती घरांत माहीत आहे?

पुन्हा पथ्याचे जेवण ही तिच्या एकटीची गोष्ट मानली जाते. नवऱ्याला मधुमेह झाला तर सारे घर त्याच्यासाठी नाचणीची भाकरी शिकते. बायकोला झाला तर 'तुझे तू वेगळे करून खा' असे म्हणतात. वेगळे करायला तिला वेळ नसतो आणि उरलेले अन्न टाकणे तिच्या जिवावर येते. सकाळचा शिळा भात, मुलाने अर्धवट टाकलेला पाव, चवथीनंतर डब्यात राहिलेल्या नेवऱ्या हे सर्व शेवटी तिच्याच पोटात जाते. तिला आपण हावरी म्हणतो. खरे तर ती काटकसर करीत असते.

उपासाचे गणित

आमच्या भगिनींचे वर्ष उपासांनी भरलेले आहे. सोमवार, एकादशी, संकष्टी, श्रावणातले आयतार, वटपौर्णिमा, तय, नवरात्र. श्रद्धेवर टीका करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. परंतु उपासाच्या दिवशी काय घडते ते सांगितले पाहिजे. सकाळभर पोटात काही नाही, पण गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखे, म्हणून दुपारी साखर घसरते. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, गोड केळी, म्हणून रात्री तीच साखर उसळते. एकाच दिवसात दोन्ही टोके! तयेचा निर्जळी उपास तर त्याहून कठीण.

यावर 'उपास सोडा' असे फर्मान काढून काही होणार नाही. आयुष्यभर धरलेले व्रत सोडणे म्हणजे घरावर संकट ओढवून घेणे, असे तिला वाटते. ते तिला न दुखावता समजावून सांगणारे कुणी हवे. उपास करायचाच असेल तर औषधाचा डोस डॉक्टरांना विचारून आधी बदलून घ्यावा, पाणी सोडू नये, साबुदाण्याऐवजी दूध, ताक, शेंगदाणे, थोडे फळ घ्यावे, साखर उतरल्याची लक्षणे दिसताच उपास मोडावा. हे देवळाच्या सभामंडपात गावच्या भटजींनी सांगितले, तर दहा भित्तीपत्रकांचे काम एका वाक्यात होईल. आमच्या देवस्थान समित्यांनी एवढे मनावर घ्यावे.

अनवाणी चालण्याचेही असेच आहे. देवळात, जत्रेत, कुळागरात, मळ्यात आमच्या बायका अनवाणी वावरतात. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. काटा रुतला, खडा टोचला, चुलीतल्या निखाऱ्याचा चटका बसला तरी कळत नाही. जखम दिसते ती दुर्गंधी आल्यावर. पायाची बोटे, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, अशी ती वाट जाते. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, आरसा धरून तळवा पाहणे आणि शेतात बूट घालणे एवढ्याने पुष्कळ पाय वाचू शकतात. पण बूट घालून मळ्यात उतरलेल्या बाईला हसणारे आपणच असतो!

न बोललेले दुखणे

मधुमेहाचे काही त्रास असे आहेत, जे बाई नवऱ्यालाही सांगत नाही. पुन्हा पुन्हा होणारी जागेची खाज, बुरशीचा संसर्ग, लघवीची जळजळ. साखर वाढलेली राहिली की हे त्रास पाठ सोडत नाहीत. आरोग्य केंद्रात डॉक्टर पुरुष असला, दारात गावचीच ओळखीची माणसे रांगेत असली, की ती 'अंग दुखते' एवढेच सांगून वेदनेची गोळी घेऊन घरी जाते.

त्यातच वारंवार लघवीला जाण्याची गरज. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वा डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात भाजी, फुले, नारळ, केळी घेऊन बसणाऱ्या बायकांना विचारा. सकाळी घर सोडायचे, संध्याकाळी परतायचे, मधे जायचे कुठे? स्वच्छतागृह लांब, घाणेरडे किंवा कुलूपबंद, आणि टोपली सोडून जायची भीती. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मधुमेही बाईने दिवसभर पाणी न पिणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण देणे आहे. बाजारातील स्वच्छ स्वच्छतागृह हा नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचा विषय आहे असे आपण समजतो. तो मधुमेहाच्या उपचाराचाही विषय आहे.

आणखी एक गोष्ट फारच कमी बोलली जाते. मधुमेही स्त्रीला हृदयविकाराचा धोका मोठा असतो आणि तिचा झटका नेहमी छातीत कळ घेऊन येत नाही. धाप लागणे, एकाएकी गळून जाणे, मळमळणे एवढ्यावर तो येतो. 'पित्त झाले' म्हणून ती लिंबूपाणी घेते. तोवर वेळ निघून गेलेली असते.

मनाचे काय? मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. रोजची सुई, रोजचे पथ्य, 'साखर वाढलीच कशी?' म्हणून डॉक्टरांचे आणि घरच्यांचेही बोलणे. परीक्षेत रोज नापास होणाऱ्या मुलासारखी तिची अवस्था होते. मग ती तपासणीलाच जाणे टाळते. तरुण मुलीला लहानपणापासून इन्सुलिन घ्यावे लागत असेल, तर आईवडील लग्न ठरेपर्यंत ते लपवतात आणि लग्नानंतर ती मुलगी सासरी न्हाणीघरात लपून सुई टोचते. हे जीवनमान म्हणायचे का?

याबाबतीत गोव्याला दुसऱ्या कुणाकडून शिकण्याची गरज नाही. 'संगाथ' या गोव्यातल्याच संस्थेने व तिच्या संशोधकांनी आपल्या राज्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना आधार दिला. सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला, हे २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. जग आमच्याकडून शिकले. मग आमच्याच पेडण्यातल्या मधुमेही बाईशी दहा मिनिटे शांतपणे बोलणारी समुपदेशक आम्ही प्रत्येक आरोग्य केंद्रात का देऊ नये?

दोष जिभेचा की काळाचा?

'पूर्वी कुठे होता हा रोग? जीभ आवरत नाही म्हणून होतो,' असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यात थोडे तथ्यही आहे. मैद्याचा पाव, बाटलीतले गोड पेय, दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, दूरदर्शन मालिकांपुढची बैठक या गोष्टी आपल्याच आहेत. पण सारा दोष बाईच्या जिभेवर टाकून सरकारने आणि समाजाने हात झटकणे आम्हाला मान्य नाही.

गेल्या पन्नास वर्षांत या दोन तालुक्यांचे काय झाले ते पाहा. डिचोलीत खाणी आल्या, शेते लाल चिखलाखाली गेली, पैसा आला आणि पायी चालणे गेले. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकांची कर्जे घराघरांत राहिली. घरात पैशांची चणचण झाली की पहिली कात्री बाईच्या औषधाला लागते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. पेडण्यात मोपाचे पठार विमानतळासाठी गेले. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. त्या डोंगरपठारांवर काजूच्या हंगामात दिवसभर चालणाऱ्या, लाकडे आणि करवंदे आणणाऱ्या बायकांचे कष्ट कमी झाले असतील, पण त्यासोबत अंगाची हालचालही गेली. किनाऱ्यावर मांद्रे, मोरजी, हरमलच्या बाजूला शेते विकली गेली. आता तिथे रस्त्यावर संध्याकाळी चालायला जावे, तर भरधाव गाड्यांमुळे जीव मुठीत धरावा लागतो. मग 'रोज अर्धा तास चाला' हा डॉक्टरांचा सल्ला पाळायचा कुठे?

ताटाचेही तसेच. आमच्या आज्या उकड्या तांदळाची पेज पीत होत्या हे खरे, पण सोबत कुळीथ होता, अळसांदे होते, पावसाळ्यात तायखिळा आणि फागले होते, तार्ले आणि बांगडे होते, नाचणीचे तिझान होते. शिवाय दिवसभर शेतातले श्रम होते. आज पेज राहिली, श्रम गेले. भात ताटभर झाला आणि तोणाक वाटीभर. कडधान्य, भाजी, मासळी महाग आणि तांदूळ रेशनवर स्वस्त, असा बाजार असताना गरीब बाईच्या ताटात भातच जास्त दिसणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बांबोळी किती लांब?

२०११ च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार होती. दोन्ही तालुक्यांत आरोग्य केंद्रे आहेत, तिथले डॉक्टर आणि परिचारिका मर्यादित साधनांत काम करतात, त्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडाचा तज्ज्ञ, पायाच्या जखमेची शस्त्रक्रिया म्हटले की म्हापसा नाही तर बांबोळी. हणखणे, इब्रामपूर, चांदेल वा डिचोलीतल्या साळ, लाटंबार्शाहून निघालेल्या बाईला दोन-तीन बसगाड्या बदलाव्या लागतात. सोबत कुणीतरी हवे, म्हणजे मुलाची एक रोजंदारी बुडाली. तिथे पोहोचल्यावर आज रक्त, पुढच्या आठवड्यात डोळे, त्यानंतर आणखी काही. तिसऱ्या खेपेला ती जात नाही. कागदावर तिच्या नावापुढे 'रुग्ण आलीच नाही' असे लिहिले जाते. रुग्ण का आली नाही, हा रकाना त्या कागदावर नसतो.

तुये येथील शंभर खाटांच्या इस्पितळाची वाट पेडणेकरांनी दशकाहून अधिक काळ पाहिली. इमारती उभ्या राहतात, उद्घाटनांच्या तारखा येतात आणि जातात, पण इस्पितळ म्हणजे भिंती नव्हेत. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा आणि औषधे मिळून इस्पितळ होते. धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले, हे तालुक्याचे भाग्यच. 'मधुमेह' हा शब्दच मुळी आयुर्वेदाने दिलेला आहे. तेथील वैद्यांनी आहार-विहाराचे मार्गदर्शन गावोगावी न्यावे. त्याचबरोबर कुणा भोंदूच्या नादाने इन्सुलिन एकाएकी बंद करू नका, हेही त्यांनीच ठणकावून सांगावे. त्यांचा शब्द लोक मानतील.

आता पैशाचे बोलू. गोव्याने इन्सुलिन सरकारी केंद्रांतून मोफत देण्याचे धोरण स्वीकारले, त्याचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले आणि त्याचे हक्क विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला दिले, कारण ते औषध सर्वांचे असावे. पण इन्सुलिनला सुई लागते, शीतकपाट लागते, आणि किती टोचायचे ते कळायला साखर तपासण्याची पट्टी लागते. एका पट्टीला साधारण वीस रुपये धरले, तरी रोज एक म्हणजे महिन्याला सहाशे रुपये. गृह आधार योजनेत गृहिणीला महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. म्हणजे त्यातले चाळीस टक्के केवळ बोटावरच्या एका थेंबासाठी! सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ग्लुकोमीटर व पट्ट्यांवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आणला, हे स्वागतार्ह आहे. परंतु वीस रुपयांच्या पट्टीवर त्याने रुपया-सव्वा रुपयाच वाचतो.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण मिळते. तिने अनेकांना दिलासा दिला. पण ती मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावर, ठरावीक उपचारांसाठी कामी येते. आजार बळावला की विम्याचे दार उघडते. तो बळावू नये म्हणून लागणाऱ्या पट्टीला, पायाच्या मऊ चपलेला, बसच्या तिकिटाला ते दार बंद असते. हे धोरण उलटे आहे, असे आम्हाला वाटते.

कागद कुणाच्या भाषेत?

आणखी एक मुद्दा. पेडणे-डिचोलीत आज साठीच्या घरात असलेल्या कितीतरी बायका भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळांत शिकल्या. त्या पोथी वाचतात, वर्तमानपत्र वाचतात, भजनाच्या वह्या सुवाच्य अक्षरांत लिहितात. पण डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ताचा अहवाल, गोळीचे पाकीट हे सर्व इंग्रजीत! मग ती नातवाला विचारते किंवा गोळीच्या रंगावरून ओळखते. कंपनी बदलली, रंग बदलला, की सकाळची गोळी रात्री जाते. साक्षर बाईला आरोग्य केंद्राच्या दारात निरक्षर करणारी ही व्यवस्था आहे.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीचाही शासकीय वापर मान्य केला. मग देवनागरीत, मराठीत आणि कोकणीत, मोठ्या टायपात छापलेले एक साधे मधुमेह कार्ड प्रत्येक रुग्णाच्या हाती का देऊ नये? सूर्याचे चित्र म्हणजे सकाळची गोळी, चंद्राचे म्हणजे रात्रीची. साखर उतरली तर काय करायचे, पाय कसा पाहायचा, डोळे वर्षातून एकदा, तीन महिन्यांच्या सरासरीची रक्ततपासणी केव्हा. एका कागदावर मावेल एवढेच. हा प्रश्न भाषेच्या अभिमानापुरता नाही. चुकीची गोळी चुकीच्या वेळी पोटात जाऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आमचे म्हणणे

केवळ टीका करून थांबणे आम्हाला पसंत नाही. म्हणून शासनापुढे, दोन्ही तालुक्यांतील लोकप्रतिनिधींपुढे आणि आरोग्य खात्यापुढे आम्ही पुढील मागण्या मांडत आहोत.

एक, पेडणे, कासारवर्णे, डिचोली, साखळी, मये या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक ठरावीक मधुमेह दिवस असावा. त्या एकाच दिवशी रक्त, लघवी, डोळे आणि पाय यांची तपासणी व्हावी, स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका उपलब्ध असावी आणि समुपदेशक बसावी. जिथे अशी सोय आहे, तिथे ती अखंड चालावी.

दोन, ज्यांची साखर स्थिर आहे त्यांना एकदम तीन महिन्यांची औषधे मिळावीत. इन्सुलिन घेणाऱ्या गरजू स्त्रियांना सुया आणि पट्ट्याही मोफत द्याव्यात.

तीन, गरोदरपणी साखर वाढलेल्या प्रत्येक मातेची नोंद पुढेही ठेवावी. अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पट असते. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी तिची तपासणी झाली पाहिजे. मुलाच्या लसीच्या तारखा जशा लिहून ठेवल्या जातात, तशीच आईच्या तपासणीची तारीखही त्याच कार्डावर लिहावी.

चार, बाजारांत आणि बसस्थानकांवर स्वच्छ, पाण्याची सोय असलेली, दिवसभर उघडी स्वच्छतागृहे असावीत.

पाच, तालुक्यातील आणि पंचायतीतील आकडे वर्षातून एकदा ग्रामसभेत मांडावेत. कुणाचे नाव नको, फक्त संख्या. किती जणींची तपासणी झाली, किती जणींचे डोळे पाहिले, किती जणी उपचारातून गळल्या आणि का. राज्याच्या सरासरीवरून आमच्या गावाची स्थिती कळत नाही.

शासनाकडे मागताना समाजाने स्वतःकडेही पाहावे. महिला मंडळे, स्वयंसहाय्य गट आणि भजनी मंडळे ही आपली मोठी ताकद आहे. पौषातले धालो आणि चवथीतली फुगडी यांच्याइतका चांगला व्यायाम कुठल्या व्यायामशाळेत मिळणार? तो वर्षातून चार दिवस न करता आठवड्यातून चार दिवस मांडावर केला, तर अंगही हलेल आणि मनही हलके होईल. आपापल्या गटात एका भगिनीने साखर तपासायला शिकावे आणि बाकीच्यांना शिकवावे. आणि पुरुषांना आमचे सांगणे आहे की घरात मधुमेही आई, बायको वा बहीण असेल तर तिचे ताट आधी वाढा. तिच्या गोळीच्या वेळेला घराचे जेवण झाले पाहिजे. यासाठी कुठल्याही खात्याची मंजुरी लागत नाही.

मते मागायला उमेदवार आमच्या दारात येतील तेव्हा रस्ता, नळ आणि नोकरी यांबरोबर हाही प्रश्न त्यांना विचारा. गोव्याच्या चार प्रौढांमागे एकाला असलेला आजार हा खासगी आजार राहत नाही. आणि घराघरात शेवटी जेवणाऱ्या बाईची तब्येत ही त्या घराच्या चुलीची, शेतीची, मुलांच्या शिक्षणाची तब्येत असते. ती वाचली तर घर उभे राहील. एवढे समजणारा आणि त्याप्रमाणे वागणारा प्रतिनिधी पेडण्याला आणि डिचोलीला हवा आहे. उमेदवार कुठल्या पक्षाचा आहे, हे आम्ही त्यानंतर विचारू.